पात्याला दिलेलं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून लोक खिडक्यांत चढून बसले होते. "अहो, डोकं काढा, डोकं! मागच्यांनी काय तुमची टोपी बघायची का?" असा गलका चालला होता. व्यासपीठावर धारबाबा उभे होते. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात ताडपत्रीचा तुकडा. ट्रकवर घालतात ती जाड, वास मारणारी ताडपत्री बाबांनी कचाकच कापली. मग तीच कात्री एका झिरझिरीत रेशमी तुकड्यावर नुसती टेकवली आणि रेशीम आवाजही न करता दोन झालं.

सभागृहातून 'आहाहा' निघालं. त्यात शिंपी, सलूनवाले, पुस्तकं बांधणारे, मटण कापणारे, सगळे होते. ज्यांचं पोट पात्यावर चालतं त्यांना हे काय आहे ते बरोबर कळत होतं.

"हिला दगड लावला?" बाबांनी विचारलं.

"नाही!" पहिल्या रांगेतून पट्टशिष्य ओरडला.

"हिला कानस लावली?"

"नाही!"

"मग हिला काय लावलं? शब्द लावला! पात्याला पाणी दिलंय मी. हे पाणी उतरायचं नाही!"

आता ह्या 'पाण्या'पाशीच सगळा घोळ झाला. जुन्या माणसांना माहीत असेल, हत्याराला पाणी देणं म्हणजे काय. पोलाद लाल तापवायचं, झटकन बुडवायचं, की ते कडक होतं. त्या कडकपणालाच 'पाणी' म्हणतात. पात्याला पाणी चांगलं आहे म्हटलं की त्याचा घागरीशी काही संबंध नसतो. पण ही भाषा बोलणारे लोहार तेव्हाही कमी होत चालले होते. मागच्या खिडकीतून कुणीतरी हाक मारली, "बाबा, ते पाणी आम्हालाही द्या की!"

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईंनी त्या क्षणी बाबांचा चेहरा नीट पाहिला. बाबांच्या पापण्या दोनदा लवल्या. हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं! पण माणूस हुशार. तिसऱ्यांदा पापणी लवायच्या आत ते म्हणाले, "मिळेल, मिळेल! लोखंडाला जे लागू पडतं ते हाडामांसाला का नाही लागू पडणार?"

पुढच्या सभेला बाटल्या आल्या होत्या.

बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. अख्खी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची. एकटी त्यांची वहिनी त्यांना 'वन्सं' म्हणायची, आणि ज्या सुरात म्हणायची त्यावरून आज घरात हवामान कसं आहे ते कळायचं.

वहिनी शिवणकामाचा कारखाना चालवत होती. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला पायाने चालवायची मशिनं, मधोमध कापायचं टेबल, खडूचा आणि गरम इस्त्रीचा वास. त्या टेबलाशी वहिनी उभी राहिली की कापड आपणहून सरळ होतं, असं मशिनवरच्या बायका म्हणत. बसून कापड कापता येत नाही, हात पोचत नाही आणि रेघ वाकते. आणि वहिनीचे गुडघे तर असे झिजले होते की टेबलाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला जाताना ती टेबलाची कड धरायची आणि "आई गं" हे ओठांतच गिळायची. भाऊ गेल्यापासून तिनं तो कारखाना एकटीनं उभा ठेवला होता. अक्षरशः उभं राहून.

मोठ्या हॉस्पिटलात गुडघ्यात धातूचा सांधा बसवण्यासाठी तिचा नंबर लागला होता. नंबर लागायलाही फार वाट पाहावी लागे त्या काळी. आणि अशा वेळी हे बाबा उपटले.

"वन्सं, मी 'थोरली' देऊन येते बाबांकडे," वहिनी म्हणाली. थोरली म्हणजे वहिनीची कापायची मोठी कात्री, तिच्या आईची.

"देऊन या," बाई म्हणाल्या. "पण आधी इकडे द्या जरा."

बाईंना खात्री होती की ही हातचलाखी आहे. बाबा लोकांची कात्री घेतात, आठवडाभर 'जपाला' ठेवतात, आणि परत देताना तशीच दिसणारी दुसरी, भारी पोलादाची देतात. सोपं आहे! त्यांनी थोरलीच्या मुठीच्या आतल्या बाजूला सुईनं एक बारीकशी फुली मारली आणि मनातल्या मनात म्हणाल्या, आता बघते.

कात्री परत घ्यायच्या दिवशी सभागृह पुन्हा भरलेलं. बाबांनी थोरली हातात धरली, उलटसुलट केली, आणि गोड हसून म्हणाले, "बाईसाहेब कुठं आहेत? या, पुढं या. तुमची फुली तपासून घ्या."

फुली जिथल्या तिथे होती. तीच कात्री. बाईंनी पिशवीतून ताडपत्री काढली, कापली. मग स्वतःच्या पदराचा सुटलेला धागा कात्रीत धरला. सट्कन तुटला.

"शाळेत कान पिरगाळायच्या, आज स्वतःचा पिरगाळून घेतला!" सलूनवाला मोठ्यांदा म्हणाला आणि सगळं सभागृह फिदीफिदी हसलं. तो बाईंचाच विद्यार्थी, त्यामुळे त्याला जरा जास्तच मजा आली.

बाई घरी आल्या त्या चहा न पिता बसून राहिल्या. हसण्याचं त्यांना काही नव्हतं. आयुष्यभर वर्गापुढे उभं राहिलेल्या बाईला हसण्याचं काय? पण पुढचे कित्येक दिवस थोरली जाड कापड कापत राहिली आणि बोथट होईना. बाईंनी रोज धार पाहिली. चमत्कार खोटा असता तर प्रश्न नव्हता. तो खरा होता, हीच पंचाईत.

मग एक दिवस वहिनीनं गुडघ्यावर बाबांचं पाणी चोळता चोळता सांगितलं, "मी हॉस्पिटलात कळवून टाकणार आहे. ऑपरेशन नको म्हणून."

"वहिनी!"

"ओरडू नका. तुम्ही स्वतः फुली मारली, स्वतः बघितली. कात्रीला पाणी लागतं तर गुडघ्याला का लागणार नाही? आणि पाय कापून आत लोखंड घालणार! ते झिजलं तर? परत कापणार?"

"दुखायचं कमी झालंय का?"

वहिनीनं बाटलीला बूच लावलं. "होईल. श्रद्धा ठेवायला लागते."

"कात्रीनं कुठं श्रद्धा ठेवली होती?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, वन्सं!" हवामान एकदम बिघडलं.

नंबर सोडला की पुन्हा रांगेच्या शेपटाला. तोवर वहिनी टेबलाशी उभी राहू शकली असती का? बाईंना त्या रात्री झोप कसली येते! सकाळी त्या थेट हॉस्पिटलात गेल्या, निदान नंबर थोडे दिवस राखून ठेवा असं विनवायला.

हाडांची डॉक्टर तरुण होती, केस करकचून बांधलेली, बोलायला तडतडी. तिनं सगळं ऐकून घेतलं. "सांधा झिजेल म्हणून घाबरल्यात ना त्या? हा घ्या, हातात धरून बघा." तिनं टेबलावरचा नमुन्याचा सांधा पुढे केला. गुळगुळीत, थंड, आरशासारखा. "ह्याच्या पृष्ठभागात नायट्रोजन घुसवलाय. लेप नाही हं, लेप सोलून निघतो. हा आत रुतवलेला आहे. म्हणून झीज कमी होते, गंजही सहसा चढत नाही."

"घुसवलाय म्हणजे?"

"आयन करून. बाई, विज्ञान शिकवायचात म्हणालात ना आत्ताच!"

बाईंच्या डोक्यात दिवा पेटला नाही, पण काडी ओढल्याचा आवाज आला. अणूचा एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला की त्याच्यावर विद्युतभार येतो, तो झाला आयन. आणि भार आला की त्याला विजेच्या जोरावर पळवता येतं. पिटाळता येतं. आजूबाजूची हवा काढून टाकलेल्या पेटीत तो गारांसारखा धातूवर मारायचा, की तो आत शिरून अडकून बसतो. आधीच गच्च भरलेल्या बसमध्ये आणखी चारजण घुसले की जसं कुणालाच इकडचं तिकडं होता येत नाही, तसे धातूचे अणू जखडून जातात. पृष्ठभाग टणक होतो. आकार बदलत नाही, रंग बदलत नाही, माप बदलत नाही.

मुठीवरची फुलीसुद्धा बदलत नाही.

"डॉक्टर," बाईंनी हळूच विचारलं, "हे कात्रीला करता येईल?"

"कात्रीला, सुरीला, साच्यांना, कशालाही. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एक यंत्र आहे की. फक्त तो थर अगदी पातळ असतो, केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही कमी. दगडावर घासलात तर पहिल्याच फटक्यात गेला."

"म्हणजे धार लावायची नाही!" बाई खुर्चीतून उठल्याच. बाबांचा पहिला नियम तोच होता. 'ज्यानं ह्या पात्याला दगड लावला त्याच्यावर कोप होईल.' कोप कसला, कारागिरी पुसली जाईल म्हणून! "आणि मला सांगा, हे आयन सरळच जातात ना? वळून आडोशाला शिरत नाहीत?"

"सरळ. जिथं सावली पडेल तिथं काही नाही. का हो?"

"नंबर राखून ठेवा," बाई म्हणाल्या आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या, कारण सांधा त्यांच्या हातातच राहिला होता.

घरी येऊन त्यांनी वहिनीपुढे थोरली ठेवली. "वहिनी, एक पैज. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात हिला रात्रभर गुंडाळायचं. सगळीकडे सारखीच लखलखीत राहिली, तर मी सभागृहात जाऊन बाबांचं पाणी पिते आणि जन्मात पुन्हा तोंड उघडत नाही."

"जन्मात?" वहिनीला मोह झाला.

"जन्मात. पण पात्यापेक्षा दुसरीकडेच कुठंतरी, ठरावीक आकारात गंज आला, तर ऑपरेशन."

"आईची कात्री आहे ती, वन्सं."

"पात्याला काही होणार नाही. हे मी सांगत नाही, तुमचे बाबा सांगतात."

वहिनी काय कमी होती? तिनं बाटलीच आणली. "मग साधं पाणी कशाला? बाबांच्याच पाण्यात मीठ घाला!"

सकाळी फडकं वहिनीनं स्वतः सोडलं. पात्यांवर कुठेकुठे एखादा बारीक ठिपका, बाकी पाती लखलखीत. वहिनी विजयानं हसणार, एवढ्यात तिची नजर खाली गेली. खिळ्याच्या मागे, मुठीचा काळा रंग सुरू होण्याआधी जो बोटभर भाग असतो, तिथं दोन्ही दांड्यांवर गंज चढला होता. तांबूस, दाट. आणि त्याचा आकार म्हणजे पट्टीनं आखल्यासारखे चौकोन. इस्त्रीच्या घडीसारख्या धारदार कडा.

आयुष्यभर खडूनं कापडावर रेघा मारलेल्या वहिनीला सरळ रेघ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. "हे आपणहून आलेलं नाही," वहिनी पुटपुटली. "हे कुणीतरी मापानं झाकलेलं आहे."

"चला," बाई म्हणाल्या.

"कुठं?"

"आधी वसाहतीत. मग सभागृहात."

वसाहतीतलं ते यंत्र एका उंच शेडमध्ये होतं. पोटफुगल्या पिंपासारखं, आणि त्याला चहूबाजूंनी नळ्या. त्याचा प्रमुख इंजिनीयर जाड चष्म्याचा, हसरा गृहस्थ होता. त्यानं थोरली हातात घेतली आणि त्याचा चेहरा पडला. "अरे अरे, कुणी गंजवली ही? मीच केलंय हे काम!"

"तुम्ही?" वहिनीनं विचारलं.

"म्हणजे काय! खिळा काढून पाती वेगळी करायची, धार करून घ्यायची, इथं चिमट्यात धरायची. कापायचं काम नाही त्याच जागी धरतो मी. साच्यांच्या कामातून यंत्र मोकळं असलं की करतो. आमचे मेव्हणे आणतात गोळा करून. गरीब कारागिरांची सेवा म्हणून. फार दानशूर माणूस आहे आमचा मेव्हणा."

"तुमचे मेव्हणे," बाई म्हणाल्या, "आज सभा घेतायत. तुम्ही कधी गेलाय का ऐकायला?"

"नाही बुवा. वेळच मिळत नाही."

"आज काढा. आणि तो चिमटा बरोबर घ्या."

सभागृहात त्या तिघांना शिरायला वेळ लागला, कारण वहिनी भिंत धरत धरत चालत होती. बाबांचं ताडपत्री-पुराण संपून बाटल्या वाटायची वेळ झाली होती. वहिनी मधल्या वाटेत थांबली. मागे वळून बाईंना म्हणाली, "तुम्ही नका बोलू. तुम्ही बोललात की लोकांना शाळा आठवते. मी बोलते." आणि तिनं थोरली वर धरली.

"बाबा, माझ्या कात्रीला चौकोनी गंज का आला?"

कात्री हातोहात व्यासपीठावर गेली. बाबांनी कात्री घेतली, पाहिली. पापण्या लवायला लागल्या. पट्टशिष्य धावून आला. "त्यात काय एवढं! बाबांनी जपाच्या वेळी तिथं हातानं धरलं होतं. हाताखालच्या भागाला शब्द लागला नाही!"

"असं?" वहिनी म्हणाली. "मग बाबांची बोटं चौकोनी आहेत का?"

आधी खिडकीत एकजण हसला. मग त्याच्या शेजारचा. मग लोक बाबांच्या हातांकडे बघायला लागले, आणि बाबांनी ते झटकन झग्याच्या बाह्यांत घेतले. तेव्हा जो हशा उठला त्यात व्यासपीठच बुडालं. "दाखवा, दाखवा! बोटं दाखवा!"

सलूनवाल्यानं खिशातून स्वतःचा वस्तरा काढून उजेडात धरला. रोज पाण्यात काम त्याचं. "अहो, माझ्याही वस्तऱ्याच्या शेपटाला चौकोन आहे! मला वाटलं मेंदी सुकलीय!"

एवढ्यात जाड चष्मेवाले इंजिनीयर गर्दीतून वर चढले आणि बाबांना बघून आनंदानं म्हणाले, "अहो मेव्हणे! हे काय सोंग?"

मग त्यांनी खिशातून चिमटा काढला, थोरलीच्या गंजावर ठेवला. पाऊल जुन्या चपलेत जावं तसा तो बसला. सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी ती तशीच धरून वर उचलली. आणि हा माणूस आपल्या यंत्राचा इतका अभिमानी, की मेव्हण्याचं काय होतंय याचं भान न ठेवता त्यानं तिथंच सगळं समजावून सांगितलं. आयन कसे तयार होतात, कसे मारायचे, किती खोल रुततात. पहिल्यांदाच एवढे श्रोते मिळाले होते बिचाऱ्याला.

"माध्यम कुठलंही असो," बाबा शेवटचा धीर करून म्हणाले, "शक्ती तर वरचीच ना?"

"असेल," वहिनी म्हणाली. "पण तुम्ही मला बाटली दिलीत, बाबा. माझी कात्री यंत्रातून आणलीत आणि माझ्या गुडघ्याला नळाचं पाणी. कात्रीचं भलं केलंत, माणसाचं का नाही?"

ह्यावर कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं हातातली बाटली हळूच खुर्चीखाली ठेवली. पट्टशिष्य तेवढ्यात बाजूच्या दारानं सटकला होता, आणि बाबाही थोड्या वेळानं त्याच वाटेनं गेले. पुढे ते कुठल्या तरी गावात खत विकत होते म्हणे. ते खत मात्र चांगलं होतं, असं ऐकलं.

बाईंनी त्या दिवशी एवढंच सांगितलं, तेही खालूनच. "मंडळी, कात्री खरी होती. मीही चुकले होते, मला हातचलाखी वाटली. माझं म्हणणं खोटं ठरलं तेव्हाही बाबा खरे ठरले नव्हते, फक्त मला कारण सापडलेलं नव्हतं. नवल वाटलं तर वाटू द्या, नवलासारखी चांगली गोष्ट नाही. पण हात जोडायच्या आधी हात लावून बघा. आणि 'असं करू नका, कोप होईल' असं कुणी म्हणालं, की नेमकं तिथंच काय लपलंय ते विचारा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर वहिनीच्या खाटेशी आली, आणि वहिनीनं तिची उलटतपासणी सुरू केली. हा सांधा कुणाकुणाला बसवलाय? त्यांतल्या किती जणांचा बिघडला? बिघडला तर का? त्यांतलं कुणी भेटेल का मला? डॉक्टर एकेकाचं उत्तर देत गेली. बाईंना संकोच वाटायला लागला.

"वहिनी, पुरे की. मोठ्या डॉक्टर आहेत त्या."

"का पुरे? पांढरा कोट बघून मान डोलवायची, तर त्या लांब झग्यानं काय घोडं मारलं होतं?" आणि डॉक्टरकडे वळून, "शेवटचं विचारते. टेबलाशी उभं राहून मी पुन्हा पूर्वीसारखं कापू शकेन ना?"

डॉक्टर म्हणाली, "बहुतेक हो. पण नक्की सांगता येणार नाही."

ती गेल्यावर बाईंना वाटलं, आता हे ऐकून वहिनी कच खाते की काय. पण वहिनीनं उशी नीट केली, पांघरूण ओढून घेतलं.

"वन्सं, उद्या सकाळी लवकर या."

"म्हणजे ठरलं? ती तर नक्की नाही म्हणाली."

"म्हणून तर," वहिनी म्हणाली. "इतक्या दिवसांत 'मला माहीत नाही' म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं बघा."